खडीखालची नळी

"ई! बाबा, बघा तरी मागं काय झालंय. मला तर ओकारी येते."

सून कोपरात नाक खुपसून दारात उभी होती. कडेवर चिमी. अंथरुणावरच्या मिस्त्रीने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. बायको गेल्यापासून ती भिंत आणि तो. डॉक्टरांनी परवाच बजावलं होतं, असेच पडून राहिलात तर पाय कायमचे जातील. जाऊ देत, तो म्हणाला होता.

"चिमी रांगायला लागलीय. उद्या त्या घाणीत हात बुडवून तोंडात घालेल."

"माणूस बोलाव."

"बोलावला होता. अंगणभर थुंकला आणि गेला. त्यापेक्षा चिखल परवडला."

शेवटी तो उठला, भिंत धरत धरत. मागच्या अंगणात पाऊल टाकलं आणि चप्पल पचकन रुतली. काळा, बुळबुळीत राडा, वर माशांचं घोंगावणारं झाकण, आणि असा आंबूस, कुजका दर्प की घशाशी आलं. आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि स्वतःच्या दारात हे! शेजाऱ्याचाच उद्योग असणार. पण शेजाऱ्याचं अंगण कोरडं ठणठणीत होतं, त्याचा त्याला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने चर खणायला फावडं मागितलं.

दोनचार फावडी मारली की तो बसायचा, शिव्या घालायचा, पुन्हा उठायचा. चरातून गांडुळं निघाली, लिबलिबीत पानं निघाली, कुणाच्या तरी केसांचा गुंता निघाला. हात कितीही घासले तरी बोटांचा वास जाईना. जेवतानाही तोच वास. पण भूक अशी लागायची, की नाक मुरडत का होईना, दोन घास जास्तच जायचे.

"जमेल ना, बाबा?" सून खिडकीतून विचारायची. "नाहीतर राहू द्या. वयच झालं म्हणा."

"तू नाक धर आणि गप्प बस."

चराला त्याने रस्त्याकडच्या गटारापर्यंत उतार दिला. दोरी ताणून पुन्हा पुन्हा पाहिला. तळाला जाड कापड, त्यावर खडी, खडीवर भोकांची नळी. पुन्हा खडी, वर कापडाची घडी, मग माती. पायरीवर बसलेली चिमी खडीच्या प्रत्येक घमेल्याला टाळ्या पिटत होती.

काळं पाणी नळीतून निथळून गेलं. माशा गेल्या. मिस्त्रीने टाच आपटून पाहिली. जमीन टणक. सुनेने चिमीला खाली सोडलं, तशी ती रांगत थेट त्याच्या पायाशी आली.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"झालं, बाबा."

"मग आता मला उठवू नकोस."

तो आत जाऊन आडवा झाला. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत गेलं.

सकाळी घशाला कोरड पडली म्हणून तो पाण्यासाठी उठला आणि पुढच्या खिडकीपाशी थबकला. घरापुढच्या कोरड्या जागेत सुनेने नळ धो धो सोडला होता. त्यात तिने खरकट्याची बादली पालथी केली, आणि ओकारी दाबत, डोळे गच्च मिटून, अनवाणी पायांनी ती तो राडा तुडवू लागली.

मिस्त्री दबक्या पावलांनी मागे फिरला, अंथरुणावर पडला, आणि ती केव्हा ओरडते याची वाट बघू लागला.