कौसाबाईंची शिल्लक

“आजी, तुमच्या खात्यात छत्तीस हजार कुठून आले?” ओट्यावर टेकत तलाठी मॅडमनी विचारलं. बँक खात्यांच्या तपासणीत एवढी शिल्लक दिसली, म्हणून कौसाबाईंची निराधारची पेन्शन दिवाळीपासून थांबली होती.

कौसाबाई गडबडल्या. अंगणात भांडी घासणारी शेजारीण यशोदाही कान देऊन थांबली.

“चोरीचे न्हाईत, बाई. पेन्शनीतलेच मागं टाकलेत. मला पोरबाळ न्हाई. मी मेल्यावर लाकडं, तेरावं... माझ्यापायी कुणाला हात पसरायला लागू नये.”

मॅडमनी खात्याचा उतारा पुन्हा पाहिला. पेन्शनशिवाय एक पैसाही जमा झालेला नव्हता.

“म्हणजे ही बचत आहे, उत्पन्न नाही. तसा अहवाल देते, पेन्शन चालू होईल. पण आजी, पोटाला मारून साठवलंत. जेवता तरी काय?”

“चहात भाकरी बुडवून खाते. दात कुठं राहिलेत?”

“मग मरणाचं नंतर बघू. आधी दात करून घ्या!”

कौसाबाई हसायला लागल्या आणि हसता हसता जिभेनं रिकाम्या हिरड्या चाचपू लागल्या. स्वतःवर खर्च करा, असं त्यांना आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

पेन्शन सुरू झाली, तशी त्यांनी यशोदासोबत तालुक्याला जाऊन कवळी बसवली. दवाखान्यातून बाहेर पडल्या आणि थेट कणसांच्या गाड्यापाशी थांबल्या.

“अगं मावशे, डॉक्टरांनी आठवडाभर मऊच खायला सांगितलंय ना!” यशोदा ओरडली.

कौसाबाईंनी भाजलेल्या कणसाचा कडकडून लचका तोडला.

“पंधरा वर्षं मऊच खाल्लंय, बाई.”