मोजून चार प्रती

नदीच्या वरच्या अंगाला तो आडदांड शेजारी देश, आणि खाली आम्ही चार चिमुकले. "पाण्याबद्दल त्याच्याशी कुणीही एकट्याने बोलायचं नाही," असा गुप्त करार चारही देशांच्या पाणीमंत्र्यांनी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये केला, वर टाळ्याही वाजवल्या. साहेब म्हणजे आमचे पाणीमंत्री, आणि मी त्यांची टायपिस्ट. दार लावून मोजून चारच प्रती काढल्या, एकेका मंत्र्याच्या हातात दिल्या आणि कॉम्प्युटरवरची फाइल पुसून टाकली.

"बाई, या कानाचं त्या कानाला कळता कामा नये हं!" साहेबांनी जाताजाता बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत टेकते न टेकते, तोच त्या शेजाऱ्याच्या दूतावासातून फोन आला.



"बाई, तिघांच्या प्रती कालच पोचल्या. तुमच्या साहेबांची कुठे अडली?"