कोवळा मुळा

बाग आखायची म्हटलं की आमच्या ह्यांचं डोकं नेहमी पुढच्या वर्षांत. 'हे सीताफळ चार-पाच वर्षांनी धरेल,' असं म्हणत मजेत पाणी घालणारा हा माणूस!

यंदा मात्र लिंबाचं रोप नर्सरीत सांगून ठेवलं होतं, तेही ह्यांनी नको म्हणून कळवलं. वाफ्यांत नुसते मुळे, पालक आणि कोथिंबीर, म्हणजे महिन्याभरात हाती येईल तेवढंच. गुलाबसुद्धा कळ्या धरलेले उचलून आणले. माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या आठवड्यात माझ्या थकव्यासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो, तेव्हा मला बाहेर बसवून हे कितीतरी वेळ आत बोलत होते. स्वतःचंच काहीतरी दाखवून घेतलं असणार, आणि विचारलं तर झारी उचलून वाफ्याकडे पळतात! तेव्हापासून हे नुसते खोकले तरी मी हातातलं काम टाकून बघायला येते.

आज मात्र राहवेना. मी ह्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "अहो, काय लपवताय? काय झालंय तुम्हाला?"

"मला? मला काय धाड भरलीये!" हे हसायला गेले, पण जमलं नाही. मला खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली आणि वाफ्याकडे बघत हळूच म्हणाले,



"तुला कोवळा मुळा आवडतो ना... तो तरी तुला खायला मिळू दे."