शिडीतली माशी

"एवढ्या बारीक अक्षरांची पाटी कोण वाचणार?" संग्रहालयातल्या भिंगातून बघत वासू पेंटर म्हणाले. आयुष्यभर त्यांनी लोकांची नावं हातभर अक्षरांत रंगवली होती, आणि दुसऱ्याच्या पाटीत खोट काढल्याशिवाय ते राहत नसत.

टाचणीवर निळसर रानटी मधमाशी होती, खाली नखाएवढी चिठ्ठी. ही माशी त्यांच्याच शिडीच्या पोकळ बांबूला भोक पाडून राहायची. ते भोक बुजवायला निघाले, तेव्हा रानमाश्यांची नोंद करत फिरणाऱ्या लेकीने हात धरला होता.

"नवीन जात निघाली, बाबा," शेजारी उभी लेक आता म्हणाली. "हा तिचा मूळ नमुना. आता जगात कुणालाही ही ओळखायची, तर आधी हीच पाटी वाचावी लागणार."

त्यांनी पुन्हा वाचलं. गावाचं नाव, खाली 'दीपश्री वासुदेव मेस्त्री'.

भिंगावरचा डोळा त्यांनी बराच वेळ काढला नाही.

"अक्षर चांगलं बसलंय," एवढंच म्हणाले.