गौतमी गैरहजर

कुणकेश्वरच्या आमच्या शाळेत रोज अकरा वाजता संगणक आपोआप गैरहजेरीचा रिपोर्ट काढतो आणि पालकांना मेसेज पाठवतो. चूक सापडेपर्यंत चिडायचं नाही, असं मी मुलांना शिकवतो. पण गेला आठवडाभर मीच चिडलो होतो.

गौतमी पहिल्या बाकावर बसलेली असायची, मी स्वतः तिची हजेरी लावायचो, तरी तिच्या आईला मेसेज जायचा: गौतमी गैरहजर.

"गुरुजी, माझो जीव जाता! उद्या परत मेसेज इलो तर तिची शाळाच बंद करतलंय," काल तिची आई फोनवर रडली.

मी संगणकातला तो रोजचा रिपोर्टच बंद करून टाकला.

तरी आज अकराला मेसेज गेलाच. वैतागून मी तिच्या आईला फोन लावला. "घाबरू नको गो, गौतमी माझ्यासमोर बसलीहा."

"चेष्टा कित्याक करतास, गुरुजी? आज मेसेज बरोबर आसा. ताप इलो म्हणान चेडू माझ्या कुशीत निजलाहा."

फोनमधून गौतमीचा खोकला ऐकू आला.

पहिल्या बाकावरची गौतमी उठून माझ्याजवळ आली.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "आता तरी माका घरात घे म्हणान आईक सांगा."