वीतभर घेवडा

बाहेर पालवी फुटली की तिसरीच्या बाई मुलांकडून खिडकीतल्या काचेच्या पेल्यांत ओल्या कापसावर घेवडा रुजवून घेत. यंदा संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाचा दाणा कुजला, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींच्या लेकीचा वीतभर वाढला. पालकसभेला अध्यक्ष येणार, म्हणून बाईंनी मधल्या सुट्टीत दोन्ही पेल्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. “रक्तातच असावं लागतं हो,” अध्यक्ष रोप उंच धरून म्हणाले. बाई हसल्या. रोज ती खिडकी पुसणाऱ्या मावशींनी दोन्ही पेले पाहिले आणि लेकीलाच चारचौघांत दटावलं, “पाणी घालायचा कंटाळा, दुसरं काय?” दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न होता, बी रुजायला काय काय लागतं? लेकीने लिहिलं, “हवा, पाणी, ऊब, चिठ्ठी.” बाईंनी पहिल्या तिन्हींवर बरोबरची खूण केली, चौथं खोडलं आणि खाली शेरा दिला, “अक्षर सुंदर.”