शेजारणीच्या पोटात

नोकरी गेल्यावर धाकटा भाऊ ताईच्या घरात शिरला, तो निघायचं नाव घेईना. आता त्याला गाठ निघाली, आणि तिचा तुकडाही तपासायला आला तो ताईच्याच प्रयोगशाळेत.

"लवकर सांग गं," तो बाहेरच्या बाकावरून ओरडला. "मरायचं असेल तर तुझा पलंग रिकामा करतो."

"तेवढं तरी कर मेल्या," डॉक्टर ताई म्हणाली आणि तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

एक पेशी दुसरीच्या पोटात सबंध बसली होती. वाईट गाठीत असं दिसतं. जिवंत पेशी शेजारणीत घुसते आणि आतच मुक्काम ठोकते. या घुसलेलीच्या कडेला एक खाच होती.

पेशींवर रंग नीट चढलाय का, हे बघायला ताई नेहमी स्वतःच्या गालाच्या आतून थोडं खरवडून वेगळ्या काचेवर रंगवायची. तिनं ती काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

तिच्या गालातल्या एका पेशीच्या पोटात कुणीतरी बसलं होतं. कडेला तीच खाच.

तिनं घाईनं भावाच्या तुकड्याची काच परत लावली. मघाची शेजारीण जागेवरच होती, पोट मोकळं. दोन्ही काचांवरचं सगळं कधीच मेलेलं होतं, रंगवून वाळवलेलं. मेलेलं उठून दुसरीकडे राहायला जात नाही.

तिनं पुन्हा स्वतःची काच लावली. आता त्या पोटात खाचवाल्या दोघी होत्या.

दार ढकलून भाऊ आत आला. कित्येक महिन्यांत दिसला नव्हता इतका टवटवीत.

"ताई, एकदम हलकं वाटतंय बघ. आतलं कुणीतरी उठून गेल्यासारखं."